तीन बोटं

म्हसळ्याच्या फरहीन मुकादमने जबडा दिला,
बिस्किटांच्या डब्यात, जुन्या ओढणीत गुंडाळून.
फक्त खालचा. वरचा तिच्याआधीच्या कुणाकडे राहिला.
"पुस्तक नंतर. आधी हा वाच," म्हणाली,
"कॉलेज सुरू व्हायच्या आत तोंडपाठ हवा."

आईने तो घरात घेऊ दिला नाही.
कुणाचा, कुठल्या गावचा,
सुतक तरी पाळलं का कुणी त्याचं?
म्हणून मी आगरात बसते, पाटाच्या कडेला,
वाळत घातलेल्या सुपाऱ्यांशेजारी,
आणि पंपाच्या आवाजात घोकते:
कोरोनॉइड, कंडाइल, दोघांमध्ये खाच.
आतल्या अंगाला एक भोक,
त्याच्या तोंडाशी हाडाची इवलीशी जीभ, लिंग्युला.
इथून नस आत शिरते, दातादाताला पाणी देत जाते
आणि हनुवटीजवळ बाहेर येते.
हे मला लगेच कळलं.
आमचा पाट असाच गडग्याखालून जातो
आणि गोगट्यांच्या पोफळींत वर येतो.

फरहीनने एक माप शिकवलं होतं.
आपलीच तीन बोटं, एकावर एक उभी धरून
समोरच्या दातांमध्ये घालायची.
मावली की ठीक.
आईची मावली. निनादची मावली, वर तो चावला.
पोफळीवर चढणारा काशिराम वाघे
हात धुऊन आला, अडीचवर थांबला,
"जाडी हायत माझी," म्हणाला.
अण्णांचं एक बोट गेलं.
दुसरं पहिल्या पेरालाच अडकलं.
"आज बोटं सुजलीत," ते म्हणाले
आणि अडकित्ता उचलला.

मग एकेक आठवत गेलं.
गेल्या वर्षापासून आमटीत तिखट नको.
भाकरी कोकमाच्या सारात भिजवून.
चतुर्थीला मोदक सुरीने कापला,
तेव्हा आम्ही हसलो होतो, बघा, साहेब झाले.

पुस्तकात आडवा टेरिगॉइड कंडाइलला पुढे ओढतो
आणि तोंड उघडतं.
दर वेळी उघडतं.
मी सगळी पानं उलटली,
न उघडणारं तोंड एकाही चित्रात नाही.
"ते तिसऱ्या वर्षाला," फरहीन फोनवर म्हणाली.
मग बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "सुपारी बंद कर त्यांची. आजच. आणि दाखव कुणाला तरी."

आजच, म्हणजे ज्या दिवशी
व्यापाऱ्याचा टेम्पो गडग्याशी उभा होता,
अण्णा पोती मोजून देत होते
आणि माझ्या पहिल्या हप्त्याच्या नोटा
थुंकी लावून दोनदा मोजत होते,
गालात एक खांड.
मी पाटाकडे बघत राहिले.

सांगितलं रात्री. आई भांडी घासायची थांबली.
अण्णा म्हणाले, "माझ्या बापाने जन्मभर खाल्ली."
आजोबांचं तोंड किती उघडायचं,
घरात कुणालाच आठवेना.

निघायच्या आदल्या संध्याकाळी
ते आपण होऊन आगरात आले.
डबा उघडून जबडा हातात घेतला,
सुपारीचा कस बघतात तसा
अंगठ्याने दाढांवरून फिरवला.
मागच्या दोन दाढा तांबूस काळ्या होत्या.
रोज पाहूनही मी ते वाचलं नव्हतं.
"ह्यानेपण खाल्लीय," म्हणाले. "आमचीच असेल, कोण जाणे."
आणि हसले, ओठांनीच.

मग चौथऱ्यावर बसले, उन्हाकडे तोंड करून.
"बघ," म्हणाले, "कालच्यापेक्षा जास्त आहे का."
मी पाटात हात धुतले.
एक.
दुसरं लावलं. त्यांनी डोळे मिटले, जोर केला,
गालाखाली मॅसेटर थरथरला, पाठ केल्याप्रमाणे,
जिथे असतो तिथेच.
"आ करा अण्णा," मी म्हटलं,
"अजून थोडं."