साडेअठ्ठ्याण्णव

मे महिना. विजापूर रोडच्या शाळेत, पत्र्याखाली
आम्ही अठ्ठावीस जण, सहावी ते आठवीचे विज्ञानवाले,
सक्तीच्या प्रशिक्षणाला.
सहीचा कागद फिरला, चहा फिरला,
बिराजदार सरांनी डब्यातली शेंगाचटणी
साडेदहालाच उघडली.

म्याकल मॅडम बारीक आवाजाच्या. म्हणाल्या,
पाणी उकळा. किती अंशाला उकळतं, लिहा.
कुणी हसलं, एवढ्यासाठी सुट्टीत बोलावलं?
कुणी म्हणालं, आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो,
बेतानं उकळा.

स्टोव्ह फुरफुरले. वाफ आली.
सात गट, सात कागद :
शंभर, शंभर, शंभर.
एका गटानं तर काडी ओढायच्या आधीच लिहून ठेवलं होतं.
तो माझा.

मॅडमनी कागद वाचले, घडी घालून पर्समध्ये ठेवले.
"आता तापमापी वाचा. डोळा पाऱ्याच्या पातळीत आणा."
बिराजदार सर, एकशे दहा किलो, गुडघ्यांवर आले
पिंडीपुढे येतात तसे,
आणि बराच वेळ उठलेच नाहीत.
मग तिथूनच म्हणाले,
"साडेअठ्ठ्याण्णव आहे हो."

तापमापी खोटी, आम्ही म्हणालो.
"कशावरून?"
स्वस्तातली आहे, टेंडरमधली आहे.
"ते बिलावरून कळतं. खोटी आहे, हे कशावरून?"

कशावरून.
बावीस वर्षांत हा शब्द मी फक्त
उशिरा आलेल्या पोरांना विचारला होता.

समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला, फडक्यात कुटला.
पारा उतरत उतरत शून्यावर येऊन बसला, गुमान.
दुसरी तापमापी घेतली. तिसरी.
वीज गेली, पंखा थांबला, कुणी उठलं नाही.
नदाफ बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या,
आपण समुद्राच्या वर आहोत ना, साडेचारशे मीटर,
डोक्यावर हवा तेवढी कमी.
सोलापूर आणि उंच!
जन्मभर आम्ही त्याला सपाट समजत आलो.

आणि मला ती वही दिसली.
आठवी ब, तेरा-चौदा वर्षं झाली,
पद्मजा गड्डम, तिसरा बाक, घरी चार माग,
नखांत सुताचा निळा रंग.
प्रयोग चार, निरीक्षण : ९८.५
मी त्यावर रेघ मारली, शेजारी लिहिलं १००,
खाली शेरा, पुस्तक नीट वाचावे.
"सर, मी तीनदा बघितलं."
म्हणालो, मग तीनदा चुकलीस.
वर्ग हसला. मला बरं वाटलं.

पाचव्या प्रयोगापासून तिनं
सगळी निरीक्षणं पुस्तकातूनच उतरवली.
मी दहापैकी दहा देत गेलो.

चहाला मॅडम सांगत होत्या वडिलांविषयी,
धागा तुटला की ते माग थांबवायचे.
"नाही थांबवला तरी चादर होतेच," म्हणाल्या,
"विकलीही जाते."
त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बशी शोधत होत्या.

संध्याकाळी वहीत तीन रकाने :
काय पाहिलं. कशावरून. किती खात्री.
तिसऱ्याशी अडलो. आमच्या बी.एड.ला तो नव्हता.
खिशात पेन एकच, लाल.
लिहिलं, साडेअठ्ठ्याण्णव,
अर्धा अंश इकडे किंवा तिकडे.

बाकीचे चपला शोधत होते. बिराजदार सर म्हणाले,
चला, स्टँडवर सोडतो.
पण मी दोनदाच बघितलं होतं.
बसा पाच मिनिटं, म्हणालो,
आणि स्टोव्हला पंप मारायला लागलो.