पुढचा शाफ्ट

यावल रोडला नशीर तडवीचं शेड.
पिटाच्या कडेला मी उकिडवी,
खाली त्याची बॅटरी गाडीच्या पोटावरून फिरतेय.
सोळा वर्षांची गाडी, चारही चाकांनी ओढणारी.
मामांनी घेतली तोरणमाळच्या घाटासाठी
आणि घाट चढले एकदाच.
बाकी सगळी वर्षं सावदा ते फैजपूर,
केळीच्या बागेपासून बँकेपर्यंत,
डांबरी, सपाट.

"हिला पुढून ओढू द्यायचं नाही," मी म्हटलं.
"मागून ढकलू दे नुसतं."
नशीरने का ते विचारलं नाही.
विचारलं, "घसरवायची का?"
घसरवायची.

आठ बोल्ट. सहावा हलेना.
रात्रभर डिझेल पाजून ठेवलेलं,
तरी सकाळी गॅसने लाल करावा लागला.
मग एक कोरडा कडाका, बाभळीचा फाटा मोडावा तसा,
आणि पुढचा शाफ्ट नशीरच्या छातीवर उतरला.
त्याने तो झोपलेल्या पोरासारखा
दोन्ही हातांनी वर दिला. घे.
मला वाटला त्याहून जड.

दोन्ही बाजूंचे एक्सलही निघाले.
पण त्यांचं बाहेरचं टोक, मुठीएवढं, दातेरी,
नशीरने चिंधीने लख्ख पुसलं
आणि परत हबमध्ये बसवून नट आवळला.
"हे कशाला? हे तर आता काहीच फिरवत नाही."
"नाही फिरवत. पण काढलं
तर बेअरिंग मोकळं होतं, चाक निघून जाईल.
याला काम नाही, बसून राहायचं फक्त. घट्ट."

ड्रमवर बसलेले झुलाल अण्णा,
दीपनगरच्या पॉवर हाऊसमधून सुटून अकरा वर्षं,
रोज येऊन नट मापाप्रमाणे डब्यांत लावणारे,
मान वर न करता म्हणाले,
"मन्हं बी तेच काम शे."

मधला डिफरन्शियल लॉक, कायमचा.
मागच्याचे गिअर वेल्ड करून एकजीव.
त्या दिवसापासून गाडी वळणावर चिरकते.
आतल्या चाकाला थोडं जायचं असतं, बाहेरच्याला जास्त,
आणि दोघांना वेग एकच.
फैजपूरच्या चौकात लोक वळून बघतात.

मे महिना. चोपड्याकडचं जिनिंग बंद,
दोन एकर काँक्रीट, सरकीचा जुना वास.
शेठची एक अट, सीझनआधी फरशी होती तशी हवी.
पहाटे पाचला भिलाने फाटक उघडलं
आणि स्वतः काट्याच्या केबिनवर चढून बसला,
शहाणा माणूस.

दुसरा गिअर. क्लच दाबला, एकदम सोडला.
काहीच नाही, गाडी सरळ भिंतीकडे.
पुन्हा.
पुन्हा.
चौथ्यांदा मागची बाजू
पंगतीतून कुणी न सांगता उठावं तशी निघाली
आणि माझ्या हातांनी, मला न विचारता,
स्टिअरिंग उलटं भरलं.

समोरच्या काचेत भिंत होती.
वाट होती बाजूच्या खिडकीत, माझ्या खांद्यापाशी.
मी तिकडे पाहिलं,
गाडी तिकडे गेली.
किती वेळ? भिला म्हणतो, पाच-सहा सेकंद.
त्याच्याकडे घड्याळ नाही.

मग सुटलीच. गरगर तीन वेढे,
कोपऱ्यातला गेल्या साली राहिलेला कापूस उठला
आणि काचेवर, वायपरमध्ये, माझ्या दातांत.
वरून भिला ओरडला,
"काय करी राहिनी व बाई!"
रबराच्या धुरात मला उत्तर सुचेना.
मी हसत होते, आणि पाय लटपटत होता, क्लचवरचा.

आठवडाभर सोडा टाकून फरशी घासली.
एक वळण अजून पुरतं गेलेलं नाही.

शाफ्ट घरी आणला.
मामी म्हणाली, भंगारात घाल, आठशे तरी येतील.
मामांनी तो कुलरमागे उभा केला,
टोकाचं ग्रीस अंगठ्यावर घेऊन चोळलं.
"आता तोरणमाळ चढेल का ती?"
"चढेल. पावसाळ्यात नाही."
"मग दिवाळीनंतर," ते म्हणाले
आणि अंगठा बंडीला पुसला.