तिसरी पायरी

क्लायपेदाच्या विद्यापीठात
माझ्या विषयाचं नाव लांबलचक आहे.
मासे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना सांगताना
बाबा ते अर्ध्यात सोडून देतात. म्हणतात,
"पोरगी आपलंच गाव शिकायला गेलीय. फी भरून."

आपलंच गाव.
नकाशावर एवढीशी वाळूची पट्टी,
एका कुशीला समुद्र, दुसऱ्या कुशीला खाडी,
मधे माणूस अंग चोरून राहतो.

पहिल्या सत्रात वाळू.
नोर्किएने बाईंनी नळीतून उपसलेला चिखलाचा दांडा
टेबलावर आडवा ठेवला, एखादं बाळ निजवावं तसा,
आणि चाकूच्या टोकाने दाखवत गेल्या :
हे पाइनचे परागकण, हा ओक,
इथे कुऱ्हाड आली,
आणि ही चार बोटं नुसती वाळू.
"ह्या चार बोटांत एक गाव आहे," त्या म्हणाल्या,
"शाळा, चर्च, कांद्याचे वाफे."
गिंतारास हसला. एकटाच.

दुसऱ्या सत्रात कावळे.
थंडीत जाळं टाकून धरायचे
आणि दातांनी चावून मारायचे.
भुकेवर ग्रंथालयात कपाटंच्या कपाटं असतील,
मला एवढं पुरलं.
बाबांना सांगितलं तर म्हणाले,
"आपण नाही हं तसले."
आपण म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.
ते पुढच्या सत्राला होतं.

होड्यांच्या डोलकाठीवर लाकडी निशाणं असत,
गावागणिक रंग ठरलेला,
दुरून कळावं, कुठल्या गावचं जाळं कुठे पडलंय.
आमच्या टपरीवर त्यांची लोहचुंबकं मिळतात,
दोनावर एक फुकट.
ज्यांच्या होड्या होत्या ती माणसं
युद्धाच्या शेवटी निघून गेली.
आजोबा त्यानंतर आले, झेमायतियाहून,
एक गाय, दोन पोरं घेऊन.
दार सताड उघडं. ओट्यावर बशा,
धुऊन पालथ्या घातलेल्या.
त्यांत जेवायला आजोबांना आठ दिवस लागले.
हे बाबांनी मला सांगितलं
ते मी परीक्षेत पास झाल्यावर.

आता तळघरात बसते, कानाला हेडफोन.
टेप क्रमांक एकशेबारा :
हेर्टा पेलेकीस, मुक्काम कील.
तिची भाषा बोलणारे बोटांवर मोजावेत इतके,
कोश मांडीवर घेतल्याशिवाय
मला एक वाक्य चालवत नाही.
ती वाऱ्यांची नावं सांगते,
वाम सोलायची रीत सांगते,
मधेच खोकते, मधेच कुणावर तरी ओरडते : खिडकी लाव!
मग म्हणते, आमचं निळं दार.
खिडकीतून खाडी, आणि वाकडं नासपतीचं झाड.
माळ्यावर जाताना तिसरी पायरी बोलायची.
उशिरा आलं की आई तिथे पकडायची.

टेप थांबवली. मागे नेली. पुन्हा मागे.
कोश मिटून ठेवला.

मी आजवर ती पायरी टाळून
चौथीवर पाय देत आलेय,
रात्री, बूट हातात धरून.

प्रबंधाच्या शेवटी तक्ता असतो :
माहितीदाराचं नाव, वय,
ह्या प्रदेशात वास्तव्य किती वर्षं.
त्यात काय लिहू, अजून ठरत नाही.
संध्याकाळी घरी फोन लावला.
"माळ्याची तिसरी पायरी आहे ना,
ती दुरुस्त करू नका."

पलीकडे मासे चिरायची सुरी थांबली.
"कितीदा करायची?" बाबा म्हणाले,
"फळी मी दोनदा बदलली, तुझ्या आजोबांनी एकदा.
आमचं ऐकतच नाही ती.
तू एवढी शिकतेस, तर विचार एकदा,
तिला कुठली भाषा कळते."