पन्नास पेनी

फ्रीमन स्ट्रीटवरच्या धर्मादाय दुकानात
दर मंगळवारी मी पिशव्या उपसते.
मेलेल्यांचे कोट, एकेकटे हातमोजे,
एक तुकडा हरवलेली जिगसॉ,
आणि कर्स्टी हॉलगेट.

या वर्षातली ही सतरावी सीडी.
काळं जाकीट, मुद्दाम पसरवलेलं काजळ,
हातात लाल गिटार.
ती तिला वाजवता येत नाही
हे अख्ख्या ग्रिम्सबीला ठाऊक होतं.

फिश फिंगरच्या कारखान्यातली पोर
टीव्हीवर जिंकली त्या शनिवारी
गोदीतल्या बोटींनी भोंगे वाजवले.
मीही फोन केला होता. सात वेळा.
एका मताला पस्तीस पेनी,
आणि आईशी बोलताना मी घड्याळ बघायचे.

मग नाताळच्या तोंडावर घाईनं हा अल्बम.
बारा गाणी, बाराही दुसऱ्यांची,
केस वाढवलेल्या पुरुषांनी
तिच्या जन्माआधीच ओरडून ठेवलेली.
पेपरात कुणी लिहिलं, इस्त्री केलेली बंडखोरी.
आमच्यात याला
दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं म्हणतात,
मी डोरीनला सांगितलं.
ती किमती चिकटवत म्हणाली,
तहान लागल्यावर काय करणार, बाई?

बिंगो सुटल्यावर एकजण येते.
प्लॅस्टिकची टोपी, ओले बूट.
टोपलीतून कर्स्टीच तेवढी उचलते,
सुटे पन्नास पेनी मोजून देते.
मला वाटलं, चाहती असेल.
आज विचारलं, किती झाल्या?

एकशे चार. माळ्यावर आहेत.
आपल्या पोरीला असं टोपलीत
कोण पडू देईल?

ती आता डॉनकास्टरला,
दातांच्या दवाखान्यात फोन घेते.
आवाज ओळखून कधी कुणी थबकतं,
मग दाढेबद्दल बोलू लागतं.

ऐकता का घरी?
नाही. त्यात शब्द बरोबर आहेत.

मला कळेना. तिनं टोपी काढली.
बापाच्या गाडीतल्या कॅसेटी ऐकून
पोर अंघोळीला हीच गाणी म्हणायची,
सगळे शब्द चुकीचे.
गाण्यातला माणूस हेलच्या दारात उभा,
हिच्या तोंडी तो हलच्या दारात,
शेवटची बस चुकलेला.
आम्ही बाहेर हसून हसून बेजार.

स्टुडिओत त्यांनी ते हेल दुरुस्त केलं.
हे ती तिच्या भाषेत म्हणाली.
मला माझ्या भाषेत ऐकू आलं की
हेल काढून टाकला.

माझाही होता एक, अकोल्याचा.
वाक्याच्या शेपटीला लोंबायचा.
कुठे गळून पडला सांगता येत नाही,
बहुधा पहिल्याच मुलाखतीत,
खुर्चीखाली.

पैसे नकोत, म्हटलं.
ठेवूनच गेली.

पुढच्या मंगळवारी अठरावी आली.
टोपलीत न टाकता मी ती
काउंटरखाली, माझ्या डब्याशेजारी ठेवली.
लेबलं चिकटवता चिकटवता
बारातलं कुठलंतरी तोंडात आलं.
अकोल्याच्या दारात, मी म्हणाले,
चांगली शेपटी लांबवून.

शब्द चुकले, डोरीन म्हणाली.