नऊ पायांचा खेकडा

खोडरबर मी कपाटात कुलूप लावून ठेवते.
मुलांना वाटतं, बाई कंजूष आहेत.

चिलोए बेटावरची आमची लाकडी शाळा,
अकरा मुलं, एक शेगडी,
आणि खाली समुद्र,
दिवसातून दोनदा आपण होऊन
आपला फळा पुसणारा.

ओहोटीला आम्ही उतरतो. बादलीत एक खेकडा.
डोक्यातला नको, समोरचा काढा, मी सांगते.
पहिल्या दिवशी सगळेच खेकडे हसरे,
वर सूर्य, सूर्यालाही पापण्या.
यास्नाच्या खेकड्याला पाय सहा,
कारण कागद तिथे संपला.
मी चूक म्हणत नाही. म्हणते, पुन्हा एकदा बघ.
दुसऱ्या दिवशी सूर्य गेला.
तिसऱ्या दिवशी हसू गेलं, डोळे दांड्यांवर चढले.
चौथ्या दिवशी पायांना सांधे आले,
कुणीतरी स्वतःचं कोपर दुमडून पाहिलं.

एलिसेओने मात्र नऊच पाय काढले.
वर्ग हसला. फळ्यावर मीच लिहिलं होतं:
नांग्या धरून दहा.
तो रडला नाही, भांडला नाही,
कागद घेऊन बादलीशी गेला
आणि दहाव्याच्या जागी काढलेल्या ठिपक्यावर
पेन्सिलीचं टोक टेकवून उभा राहिला.
मी गुडघ्यांवर बसले. चष्मा पुसला.
पाय नव्हता खरंच. तिथे
तांदळाच्या कणीएवढा एक मऊ कोंब.

अठरा वर्षं खेकडे शिकवते आहे मी.
अठरा वर्षं दहा म्हणून पुढे गेले.

मग सांगितलं त्यांना,
तुटलेला पाय कात टाकताना पुन्हा येतो,
आधी बारका, लाजल्यासारखा.
एलिसेओने विचारलं, दुखतं का येताना?
मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

पुढच्या सोमवारी त्याने दुसरंच चित्र आणलं.
हात. उजवा. मोठ्या माणसाचा.
त्याचे वडील सामन माशांच्या पिंजऱ्यांवर होते,
गेल्या हिवाळ्यात दोराच्या चरख्यात...
करंगळीशेजारच्या बोटाच्या जागी
त्याने एक ठिपका काढला होता. नीट, गोल.

शेगडीत ओलं लाकूड फुसफुसत होतं.
कपाटाची किल्ली माझ्या खिशात.
खेकड्याचं वेगळं, बाळा, माणसाचं वेगळं,
वाक्य ओठांवर तयार होतं, खरंही होतं.
मी म्हणाले, पुन्हा एकदा बघ.
आणि म्हणता क्षणी वाटलं, हे काय केलंस, ओतिलिया.

गुरुवारी तो आला.
नवा कागद. ठिपका नव्हता.
तिथे कातडी कशी आत वळते,
पिशवीचं तोंड आवळल्यासारखी,
तिची एकेक चुणी. शेजारच्या दोन बोटांवर
नवे घट्टे, दोर घासतो त्या बाजूला.
खाली त्याच्या किरट्या अक्षरात:
इथे वाढत नाही.
ही दोन बोटं जास्त काम करतात.
बाबा तीन संध्याकाळी अजिबात हलले नाहीत.