कूस

सावद्याच्या बायपासवरून केळीचे ट्रक जातात रात्री,
अडीचनंतर जास्त.
भरलेला कुठला, रिकामा कुठला, आवाजावरून कळतं मला.
बाबा घड वाहायचे खांद्यावर. म्हणायचे,
दोन घडांच्या मधे फोम घालायचा, हात हलका ठेवायचा,
डाग पडला की माल गेला.

वॉर्डात खाटा तीस. आज माणसं एक्केचाळीस.
जमिनीवरच्यांना नंबर नाहीत,
त्यांना आम्ही "व्हरांड्यातला निळा टॉवेल",
"दारामागची खोकणारी" म्हणतो.
आम्ही म्हणजे मी.
वाघुळदे सिस्टर मार्चपासून डेप्युटेशनवर,
आणि भास्करमामा अपघात विभागात, कारण तिथेही कुणी नाही.

चौदा नंबर. जैतूनबी तडवी, खुब्याचं हाड.
दर दोन तासांनी कूस बदलणे.
त्याला दोघी लागतात:
एकीनं खांदा धरायचा, एकीनं कंबर,
एक-दोन-तीन म्हणायचं आणि उशी सरकवायची.
एकटीनं केलं तर तिचं हाड सरकतं,
नाहीतर माझं.

"माय, माले वळव ना व जराशी."
आले हं, म्हटलं मी. ते बाराला.
मग नऊ नंबरचं सलाईन संपलं,
मग निळ्या टॉवेलला झटका आला,
मग बीपीच्या फुग्यातून हवा जायला लागली, त्याला चिकटपट्टी,
मग पालहून साप चावलेला पोरगा, सोबत सात माणसं
आणि सातही जण मलाच विचारणार डॉक्टर कुठेत.
"माय..."
आले हं.

पहाटे रजिस्टर उघडलं.
१२ वा. कूस बदलली.
२ वा. कूस बदलली.
४ वा. कूस बदलली.
माझं अक्षर चांगलं आहे,
ट्रेनिंगला असताना अक्षरासाठी स्टीलचा डबा मिळाला होता बक्षीस.

सहाला मामा आला. दोघांनी मिळून वळवलं तिला.
माकडहाडावर रुपयाएवढा लाल,
मधोमध काळपट, ओलसर.
मी ओळखलं लगेच. शेतात वाढलेय.
जैतूनबीनं विचारलं नाही रात्रभर कुठे होतीस.
म्हणाली, "तू जेवली का व?"
डबा कपाटात होता तसाच.
हो म्हटलं. दिवसातलं चौथं खोटं,
पण हे कुठे लिहावं लागलं नाही.

राऊंडला मॅडमनी जखम पाहिली, मग रजिस्टर पाहिलं,
मग बराच वेळ माझ्याकडे.
त्याही दोन तालुक्यांच्या मिळून एकट्याच आहेत.
खुलासा तीन दिवसांत सादर करावा.

खुलाशाचा कागद कोरा आहे अजून.
"कामाचा ताण" असं लिहिलं की
ते दोन शब्द फाइलीत जाऊन बसतात,
आणि जैतूनबी चौदा नंबरवर असते, उताणी.

दुपारी घरी. पत्रे तापलेले, कूलरात पाणी नाही.
डोळा लागत नाही म्हणून भिंतीकडे वळते,
मग दाराकडे,
मग पुन्हा भिंतीकडे.
कुणाला हाक मारावी लागत नाही.