बिलाच्या मागच्या बाजूला

विजेच्या बिलाच्या पुढच्या बाजूला कानडी,
मागं कोरं. तिथं मी पेन्सिलीनं
एक चौकोन काढलाय. हा प्रोसेसर.
त्यावर तांब्याची चकती, चकतीत नागमोडी चर,
एका टोकानं पाणी आत, दुसऱ्यानं बाहेर.
बाण काढलेत. बाण काढले की
काम निम्मं झाल्यासारखं वाटतं.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं काम
मी अनगोळच्या घरी करतो, रात्रीचं.
साच्यात ओतलेलं लोखंड
कुठल्या कोपऱ्यात आधी गोठेल, कुठं पोकळी धरेल
हे मशीन पहाटेपर्यंत मोजत बसतं.
लोखंड निवण्याचा हिशेब करता करता
स्वतः ब्याण्णव डिग्रीवर जातं,
आणि त्याचे तीन पंखे असे सुटतात
की स्वयंपाकघरात पातेल्यावरचं ताट थरथरतं.

म्हणून पाणी.
पाणी उष्णता उचलून नेतं, बोंब मारत नाही.

मल्लेशी लेथवर असतो, त्याला चित्र दाखवलं.
चष्मा कपाळावर सारून त्यानं बराच वेळ बघितलं.
"पूर्ण तांबंच घाल. अल्युमिनियम बेड.
दोन धातू एका पाण्यात नांदत नाहीत मर्दा,
एक दुसऱ्याला खातो."
हे तो कानडीत म्हणाला, मी मराठीत होय म्हटलं,
चराची खोली दोघांनी मिलिमीटरमध्ये ठरवली.
पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा.

भंगारात जुन्या अ‍ॅम्बॅसिडरच्या हीटरचं
पितळी जाळं मिळालं. व्हिनेगरनं धुतलं,
पहिल्यांदा चहासारखं पाणी, मग लिंबू सरबत,
तिसऱ्यांदा नुसतं पाणी.
पंप माशांच्या दुकानातला,
तो चपलेच्या रबरावर बसवायचा
म्हणजे त्याची कुरकुर टेबलाला कळणार नाही.
डिस्टिल्ड बॅटरीवाल्याकडून, दोन लिटर.
पंखा एकच, मोठा, मिनिटाला पाचशे फेरे, बास.
आणि पहिले चोवीस तास नुसता पंप चालवायचा,
प्रत्येक सांध्याखाली टिश्यू कागद,
मी शेजारी गादी टाकून.

माणिकला म्हटलं, बघ,
आता तुला झोप लागेल नीट.
ती शेंगा फोडत होती.
"मला कुठं लागत न्हाई झोप?"

तिचं माहेर वडगावचं. सोप्यात चार माग.
पाळणा त्याच तुळईला, जिला मागाचा धक्का बसायचा.
"माग खडखडत असला की झोपायचो आम्ही.
करंट गेला की सगळी जागी.
आई, अण्णा, मी, पलीकडची घरंसुद्धा.
अंधारात कोण काय बोलायचं न्हाई.
अण्णा मनातल्या मनात वार मोजायचे, न विणलेले."
टरफल फुंकून ती म्हणाली,
"तुमचं मशीन पहाटे थांबतंय बघा,
तवा मला जाग येते."

तीन महिने मी शांतता जमवत होतो.
सुटी सुटी. पिशवीत, कपाटावर, पलंगाखाली.

रात्री परत बिल घेतलं.
परतीची नळी टाकीतल्या पाण्याच्या
बोटभर वर ठेवली तर बारीक धार पडत राहील.
जाणकार याला दोष म्हणतात, बुडबुडे होतात,
पण झोपेपुरता आवाज होईल.
माणिकला विचारलं, धार चालेल काय?

ती एवढी हसली की शेंगा सांडल्या.
"नळाला पाणी येतंय आठ दिवसांनी,
ते पण रात्री दोनला.
धार ऐकली की मी घागर घेऊन उठणार की.
खालच्या मुतगेकर काकी पण.
मग गल्लीला सांगा तुम्ही,
कुठल्या नळाचं ते."

नळीचं तोंड परत पाण्याखाली घेतलं.
पंख्याचे पाचशे खोडून आठशे केले,
पुढं प्रश्नचिन्ह.
मग कागद उलटला,
अक्षराला अक्षर लावत पुढची बाजू वाचली.
बिल भरायची मुदत काल संपली होती.